लोणारचे पाणी आणि आरएनएचा दावा

लोणार सरोवराच्या पाण्यात जीवसृष्टीच्या जन्माचे रहस्य दडले आहे, असे वाक्य आपल्याकडे अधूनमधून वाचायला मिळते. परभणीहून जिंतूरमार्गे लोणारला जाणाऱ्या आम्हा मंडळींना ते गोडही वाटते. पण उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या या विवराचे वय वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे ५० हजार ते ५ लाख ७० हजार वर्षे निघते, आणि जीवसृष्टी तर सुमारे ३५० कोटी वर्षांची. नातीच्या घरी पणजीचे बारसे करण्याचाच हा प्रकार. लोणारचा या प्रश्नाशी खरा संबंध निराळा आहे, आणि तो आरएनएवरून जातो.

शाळेत आरएनए भेटला तो निरोप्या म्हणून. डीएनएचा मजकूर घ्यायचा आणि प्रथिने बनतात तिथे पोचवायचा, एवढेच त्याचे काम. मग पहिले कोण? प्रथिन घडवायला मजकूर हवा आणि मजकुराची नक्कल करायला प्रथिनांची विकरे हवीत. १९८२ साली थॉमस चेक यांना टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात असा आरएनए सापडला, जो कोणत्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःतला एक तुकडा कापून उरलेली टोके जोडत होता. पुढच्याच वर्षी सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने जिवाणूंच्या एका विकरातले उत्प्रेरणाचे काम त्यातला आरएनएच करतो, हे दाखवले. १९८९चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळाले. माझ्या मते त्याहून मोठा पुरावा २००० सालचा. रायबोसोमची रचना उलगडली तेव्हा प्रथिनांची साखळी जिथे जोडली जाते त्या नेमक्या जागी प्रथिन नव्हतेच, सगळा आरएनए. प्रथिनांचा कारखानाच निरोप्याच्या भाऊबंदांनी चालवलेला निघाला.

एवढ्यावरून ‘आधी आरएनएचे जग होते’ असे ठोकून देणारे लेखक मला घाईचे वाटतात. आरएनए कामाचा आहे हे सिद्ध झाले. तो आपोआप घडला हे नाही. त्याच्या कण्यात फॉस्फेट लागते, आणि फॉस्फेट मोकळे राहत नाही. हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. चुनखडीच्या रानात टाकलेले स्फुरद कॅल्शियम धरून ठेवते आणि पिकाच्या वाट्याला थोडेच येते. आदिम पृथ्वीवरही हीच अडचण.

२०२० साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोनाथन टोनर व डेव्हिड कॅटलिंग यांनी तिच्यावर उत्तर सुचवले ते सोडायुक्त सरोवरांचे. तिथे कार्बोनेट इतके जास्त असते की कॅल्शियम आधी त्याच्याशी जुळून तळाला बसते आणि फॉस्फेट पाण्यात साचत जाते. अशा सरोवरांची उदाहरणे म्हणून अमेरिकेतले मोनो, केनियातले मगादी यांच्यासोबत आपल्या लोणारचे नाव येते. लोणार हा नमुना आहे, जन्मस्थान नव्हे.

आता खरी मेख. लोणारच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास, आणि अल्कधर्मी पाण्यात आरएनए तुटतो. डीएनएपेक्षा त्याच्या शर्करेवर एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो, तो शेजारच्याच फॉस्फेट बंधावर हल्ला करतो. गंमत अशी, की हाच गट अनेक ठिकाणी आरएनएच्या रासायनिक कर्तबगारीतही भाग घेतो. टोनर-कॅटलिंग यांचे म्हणणे, त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असल्याने अशी सरोवरे आजच्याइतकी अल्कधर्मी नसतील. तर्क पटण्याजोगा आहे, पण मग आजच्या लोणारच्या पाण्याने भरलेली बाटली त्या काळचे पाणी म्हणून दाखवता येत नाही.

पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांचा गट लोणारच्या नेमक्या उलट टोकाने गेला. मेदद्रव्याच्या सोबतीने उष्ण, आम्लधर्मी द्रावण पुन्हा पुन्हा वाळवायचे आणि भिजवायचे. साखळ्या तयार झाल्या, पण त्यातल्या कित्येक दुव्यांवरचे बेस, म्हणजे मजकुराची अक्षरेच, गळून गेलेली होती. मला हा निकाल अनेक यशोगाथांपेक्षा मोलाचा वाटतो. अल्कात कणा तुटतो, आम्लात अक्षरे गळतात. मधली जागा कोणती, हे शोधायचे काम अजून चालू आहे.