वेठ आणि संमति

गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या १९४५ च्या उठावाची हकीकत म्हणून तें चळवळीच्या इतिहासांत जमा केलें जातें. आमच्या मतें त्याचें मोल याहून अधिक आहे. सत्ता माणसाची संमति कशी मिळविते, हें इतक्या साध्या भाषेंत सांगणारे ग्रंथ मराठींत थोडे. आणि संगणकव्यवसायांतील बलाढ्य कंपन्यांच्या आजच्या काळांत तो पुनः वाचणें अगत्याचें झालें आहे.

लग्नगडी हें या ग्रंथांतील मर्म होय. लग्नाच्या खर्चासाठीं वारली जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई व तिच्या फेडीसाठीं पतिपत्नी उभयतां त्याच्याकडे राबत. कर्ज त्यानें स्वतः मागितलेलें असे. सबब बाहेरून पाहणारास तो राजीखुशीचा करार दिसे. परंतु नकार देऊन जावयाचें कोठें, या प्रश्नास उत्तर नव्हतें. जेथें नकाराची वाट नाहीं तेथें होकारास संमति म्हणावें काय?

हाच प्रश्न २०२१ सालीं व्हॉट्सॲपनें आपलें गोपनीयतेचें धोरण बदललें तेव्हां उभा राहिला. नवीन अटी मान्य करा, नाहीं तर सेवा सोडा, असा तो प्रकार होता. २०२४ च्या नोव्हेंबरांत भारतीय स्पर्धा आयोगानें त्यासाठीं मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्याचे सारे आप्त, गिऱ्हाइकें व कचेऱ्या एकाच दाराशीं उभ्या आहेत, त्यास ‘दुसरीकडे जा’ म्हणणें ही थट्टाच होय.

ओपन सोर्स लिहिणारांची गत निराळी, तरी बोधप्रद आहे. २०२१ च्या डिसेंबरांत ‘लॉगफोरजे’ या आज्ञावलींत गंभीर दोष आढळला, तेव्हां जगांतील मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार मूठभर स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालला असल्याचें उघड झालें. २०१६ सालीं एका लेखकानें आपल्या अवघ्या अकरा ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ ही आज्ञावली मागें घेतली. ठिकठिकाणचीं कामें अडलीं, आणि एनपीएम कंपनीनें ती त्याच्या संमतीवांचून परत ठेवली. परवान्यानें तशी मुभा होती, हें खरें. तथापि देणगी देणारास हात आवरतां येईना, म्हणजे देणगीची वेठ होऊं लागली असें समजावें.

ही तुलना अतिरेकी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. वारल्यांच्या पाठीवर चाबूक होता, पोटांत भूक होती. संगणकतज्ज्ञाची स्थिति तशी नाहीं. हा भेद आम्हांस पूर्ण मान्य आहे. आम्ही दुःखाची तुलना करीत नाहीं. करारामागील बळाची ठेवण मात्र एकच दिसते.

ग्रंथांतील दोषहि सांगितला पाहिजे. लेखिका चळवळीच्या कार्यकर्त्या असल्यानें जमीनदारांचीं चित्रें एकरंगी उतरलीं आहेत. परंतु जागृति कशी घडते हें दाखवितांना त्यांची लेखणी चुकत नाहीं. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें सुमारें पांच हजार वारली जमले आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. पुढें गवतकापणीची मागणीहि नेमकी होती: पांचशें पौंड गवतास अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथील गोळीबारांत पांच जण मेले, तरी ती मागणी मागें पडली नाहीं.

एकट्याचा नकार उपाशी मरतो. सर्वांचा नकार, सोबत ठरलेला दर असला, म्हणजे वाटाघाट होते. दयाळू मालकाची वाट पाहून वेठ सुटली नाहीं. आपल्या श्रमाचा दर ज्यांनीं अद्याप ठरविलेला नाहीं, त्या तरुण संगणकतज्ज्ञांनीं हें पुस्तक अवश्य हातीं घ्यावें.