हसू किती मिलिमीटरचं?

चेहऱ्याच्या पक्षाघातावरचे सर्जरीचे पेपर वाचायला घेतले, की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो हमखास दिसतात. दुसऱ्यात ओठाचा कोपरा वर गेलेला. बघून बरं वाटतं. पण रिसर्च करायचा असेल तर फोटोवर थांबू नका. का, ते सांगतो.

आधी पर्याय बघू. बेल्स पाल्सीचे बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. फेशिअल नर्व्हला इजा होऊन थोडाच काळ झाला असेल, तर ती सांधून किंवा तिला दुसरी नर्व्ह जोडून चेहऱ्याचेच स्नायू हलवता येतात. दीड-दोन वर्षं उलटली की ते स्नायू बहुधा कामातून जातात. मग कानशिलाजवळचा टेम्पोरॅलिस स्नायू वळवायचा, नाहीतर मांडीतला ग्रॅसिलिस गालात बसवायचा. हे दुसरं काम हारी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलं. शीर्षकातच तो 'प्राथमिक अहवाल' असल्याचं म्हटलं होतं.

आता खरी मेख. नव्या स्नायूला हुकूम कोण देणार? निरोगी बाजूच्या फेशिअल नर्व्हमधून कलम आणलं, तर हसू आपोआप उमटण्याची शक्यता जास्त. पण सहसा दोन ऑपरेशनं लागतात, मधे काही महिने जातात आणि ओढ कमी पडू शकते. चावण्याच्या मॅसेटर स्नायूची नर्व्ह वापरली, तर एकाच ऑपरेशनमध्ये जोरदार ओढ मिळते. पण निदान सुरुवातीला तरी हसायला दात दाबावे लागतात. सरावाने काहींना दात न दाबताही जमतं. निकाल नुसता मिलिमीटरमध्ये मोजला, तर दुसरी पद्धत सहज जिंकते. माझा आक्षेप इथंच आहे. ओठ किती सरकला हे कळतं, माणूस हसला का हे कळत नाही.

हा मुद्दा आपल्या इकडे तर अजिबात नवा नाही. नंदनवनहून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याचं आनंदवन आहे. कुष्ठरोगात फेशिअल नर्व्हच्या फांद्यांना इजा झाली की डोळा मिटत नाही. त्यात बुबुळाची संवेदनाही गेली असेल तर कचरा गेलेला कळत नाही, जखम होते, नजर जाऊ शकते. म्हणजे इथे प्रश्न दिसण्याचा नाही, दृष्टीचा आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेवर मोठं काम केलं. अशा डोळ्यासाठी टेम्पोरॅलिसची पट्टी पापण्यांतून फिरवतात. त्याची नर्व्ह वेगळी, पाचवी. म्हणून तो स्नायू चालू असतो. दात दाबले की डोळा मिटतो. पण आपोआप पापणी लवणं परत येत नाही! दिवसभर आठवणीने दात दाबायची सवय लावावी लागते. ऑपरेशन टेबलावर यशस्वी झालं, तरी ती सवय नसेल तर डोळा उघडाच राहतो. ती सवय टिकली का, हे कोणत्याच फोटोत दिसत नाही.

म्हणून पुढचा पेपर उघडाल तेव्हा फोटोंच्या आधी मेथड्समध्ये एक गोष्ट शोधा: रुग्णाला काय सांगून मोजमाप घेतलं? 'दात दाबा' म्हणून, की एखादा विनोद ऐकवून?