'मावेजा', 'मोबदला' आणि 'भरपाई' : एक अर्थविचार

एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून हिशेब बरोबर करणे, या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मोबदला, भरपाई, मावेजा, वजावट, मुजरा ही त्यांतील काही नावे होत. परिभाषासंग्रहांतून हे शब्द पुष्कळदा परस्परांचे पर्याय म्हणून दिले जातात. ही मांडणी सोयीची असली तरी अर्थदृष्ट्या सदोष आहे. शेंद्रा परिसरातील शब्दव्यवहार या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे प्रथम औद्योगिक वसाहत झाली. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत शेंद्रा-बिडकीन क्षेत्रासाठी शेतजमिनी संपादण्यात आल्या. संपादित जमिनीबद्दल मिळणाऱ्या रकमेस मराठवाड्यातील शेतकरी 'मावेजा' म्हणतो. १९४८ पर्यंत येथील राज्यकारभार उर्दूतून चाले. हा शब्द त्याचाच वारसा होय. त्याचे मूळ अरबी 'इवज'. मराठीतील 'ऐवज' व 'ऐवजी' ही रूपेही त्याच मुळाची. 'मोबदला' हा 'बदल', 'बदली' यांचा सगोत्र. दोहोंच्या मुळाशी विनिमयाची कल्पना आहे: एकाने वस्तू घेतली, म्हणून तिच्या जागी त्याने दुसरी द्यावयाची.

'भरपाई'त ही कल्पना नाही. तेथे 'नुकसान' हे गृहीत असते. ते कोणी केले, हा प्रश्न शब्दाबाहेर राहतो. 'गारपिटीची भरपाई' हा प्रयोग शुद्ध आहे. 'गारपिटीचा मोबदला' असे कोणी म्हणणार नाही. भरपाई देणारा व हानी करणारा एकच असावा लागत नाही. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या मराठी नावात 'वाजवी भरपाई' हा शब्दप्रयोग आहे. त्याने जमीन घेणारा पक्ष दृष्टीआड होतो आणि संपादन हे जणू अस्मानी संकट ठरते, असा आक्षेप घेता येईल.

परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्या शेतमजुराजवळ विनिमयास काहीच नसते. त्याला मावेजा नाही. नुकसान मात्र आहे. उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून असलेल्या कुळांचा व मजुरांचा समावेश हा कायदा विहित अटींवर बाधित कुटुंबांत करतो. ही व्याप्ती 'भरपाई'च पेलू शकते. त्याच कायद्यात जमिनीच्या रकमेवर शंभर टक्के 'दिलासा रक्कम' आहे. मालकाचीही सारी हानी विनिमयात मावत नाही, याची ती कबुलीच होय.

सारांश, 'मावेजा' हा 'भरपाई'चा केवळ प्रादेशिक पर्याय नव्हे. पहिला शब्द घेणाऱ्याचे ऋण सांगतो, दुसरा गमावणाऱ्याची उणीव. परिभाषाकारांनी या शब्दांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात आणि प्रत्येकीबरोबर वाक्यप्रयोग द्यावा. तसे न केल्यास कागदोपत्री एका शब्दाच्या जागी दुसरा येईल आणि त्याबरोबर हक्काचे स्वरूपही नकळत पालटेल.