हलकं कशाला म्हणायचं? रोजच्या वापरातल्या ॲल्युमिनियमविषयी

आज ॲल्युमिनियमबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला या धातूशी काय घेणंदेणं, असं काहींना वाटेल. पण रचनाकार आणि उद्योगवाले या धातूची जी स्तुती करतात तिच्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. तो शब्द म्हणजे ‘हलकं’. हलकी गाडी, हलका लॅपटॉप, हलकं वेष्टन.

मराठीत ‘हलकं’ म्हणजे वजनाला कमी, आणि ‘हलकं’ म्हणजे दर्जालाही कमी. हलक्या प्रतीचं कापड म्हणतो आपण. ॲल्युमिनियमच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले. अनेक घरांत त्याला आजही ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात, आणि जर्मनचं पातेलं पाहुण्यांसमोर काढत नाहीत. (जर्मन सिल्व्हर हा वेगळाच मिश्रधातू, त्यात ॲल्युमिनियम नाही आणि चांदी तर नाहीच.) गंमत अशी, की 1884 मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर जो धातू बसवला तो हाच. जेमतेम पावणेतीन किलोंचा तुकडा, पण बसवण्याआधी तो न्यूयॉर्कला टिफनीच्या जवाहिऱ्या दुकानात लोकांना बघायला ठेवला होता. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्यानं हा धातू स्वस्तात वेगळा करण्याची रीत शोधली. पुढे 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करायला सुरुवातही केली. चौदा वर्षांत जवाहिऱ्याच्या काचेतून चुलीवर. असं नशीब दुसऱ्या धातूचं मला माहीत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला आणि त्यावर स्वतःच ‘दीपिका’ ही टीका लिहिली. वैशेषिकांच्या यादीत गुण चोवीस. त्यात गुरुत्व आहे, लघुत्व नाही. कुणीतरी शंका काढतो की लघुत्व तर दिसतं, मग ते का मोजलं नाही? उत्तर मिळतं, लघुत्व हा वेगळा गुण नाहीच, तो गुरुत्वाचा अभाव आहे. मला हे उत्तर फार आवडतं. हलकेपणा ही वस्तूत भरलेली काही चीज नाही. मग मी पुढचा प्रश्न विचारतो. अन्नंभट्टांच्या मनात तो नव्हता, तो माझा आहे. जे वजन इथे, माझ्या हातातल्या वस्तूत नाही, ते गेलं कुठे?

तर ते गेलं खाणीत, विजेत आणि मातीत. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण चार टन बॉक्साइट उकरावं लागतं. त्यातून दोन टनांच्या आसपास ॲल्युमिना आणि मग एक टन धातू. या शेवटच्या पायरीला किलोमागे चौदा-एक युनिट वीज लागते, म्हणजे एक किलोवॅटचा गीझर चौदा तास चालू ठेवल्यासारखं. शिवाय उरतो तो लाल चिखल, अतिशय दाहक. 4 ऑक्टोबर 2010 रोजी हंगेरीत आयका इथे अशाच चिखलाच्या तलावाचा बांध फुटला, दहा माणसं गेली. आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइट आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर देव आहे. म्हणजे ज्याला आपण हलकं म्हणतो त्याचं वजन कुणीतरी दुसरा उचलत असतो, किंवा उचलायला नकार देतो.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मोठी आहे. एकदा तयार झालेला हा धातू पुन्हा वितळवायला मूळच्या फक्त पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. वजन एकदाच उचलायचं असतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या कुठल्याही ‘अभिनव’ वस्तूला मी दोन प्रश्न विचारतो. तू वापरात किती काळ टिकतेस? आणि तुझं काम संपलं की तुझ्यातला धातू परत मिळतो का? देखणेपणा नंतर बघू.

उत्तर इटलीत ओमेन्या नावाचं गाव आहे, त्याला लागून क्रुसिनालो. तिथे अल्फोन्सो बियालेत्ती या गृहस्थांनी 1933 मध्ये मोका एक्सप्रेस हे कॉफीचं भांडं काढलं. तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, अष्टकोनी, कमरेत आवळलेलं. खालच्या भागात पाणी, मध्ये कॉफीची पूड. पाणी तापलं की वाफेच्या दाबानं ते पुडीतून वर चढतं. बस्स, इतकंच. त्या अष्टकोनाच्या कडांमुळे भांडं फिरवून उघडताना पकड मिळते, ओतीव धातू उष्णता झटकन पसरवतो, मूठ बेकलाइटची. यातला एकही भाग शोभेसाठी नाही आणि तरी ते शोभतं. रबराची कडी बदलत राहिलं तर तीच मोका वीस-तीस वर्षं चालते. मुसोलिनीच्या काळात ॲल्युमिनियमला ‘राष्ट्रीय धातू’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, हे विसरू नये. पण भांडं राजवटीपेक्षा जास्त टिकलं. अल्फोन्सोंचे चिरंजीव रेनातो 2016 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोकाच्या आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. वस्तूवर इतकं प्रेम बरं की वाईट, ते तुम्हीच ठरवा.

त्याच क्रुसिनालोत अलेस्सी ही कंपनी आहे. तिचे अल्बेर्तो अलेस्सी हे या अल्फोन्सोंच्या मुलीचे चिरंजीव. म्हणजे आजोबांचं मोका आणि नातवाच्या कंपनीची 1990 ची लिंबू पिळायची ‘ज्युसी सालिफ’ ही एकाच घरची. फिलिप स्टार्क यांनी काढलेली ही वस्तू म्हणजे तीन लांब पायांवर उभा असलेला चकचकीत कोळी. वर लिंबू दाबायचं, रस पन्हळींवरून ओघळत खालच्या पेल्यात. बिया अडवायची सोय नाही. संग्रहालयांतून ती मानानं ठेवलेली असते.

माझी तक्रार ती विचित्र दिसते ही नाही. तक्रार अशी आहे की तिला आपण कशाच्या बनलो आहोत हेच माहीत नाही. उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर ताबडतोब ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर चढतो, तोच त्याचं रक्षण करतो. आंबट पदार्थ हा थर खातात. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण चिंच घातलेली आमटी, कोकमाचं सार, ताक जर्मनच्या भांड्यात ठेवायचं नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि इथे या धातूची निवड होते ती नेमकी लिंबासाठी! कळस म्हणजे दहा वर्षं झाली म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली तिच्यावर लिंबू पिळू नये अशी सूचना होती, कारण आम्लानं मुलामा बिघडतो. लिंबू पिळायचं नाही असं लिंबू-पिळणं. माझ्या विद्यार्थ्यांना ‘स्वतोव्याघात’ समजावायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं.

इथे मात्र कुणी म्हणेल, सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला ही वस्तू तर उत्तम उत्तर देते. ती कधीच मोडीत जाणार नाही. खरं आहे. ती टिकते, कारण ती कुणी वापरत नाही. म्हणूनच मी ‘वापरात किती टिकतेस’ असं विचारलं. कपाटात टिकणं हे टिकणं नव्हे.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. ॲपलनं 2008 मध्ये ॲल्युमिनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरलेलं शरीर आणलं. सांधे कमी, ताठपणा जास्त, कोरताना निघालेला चुरा परत वितळवता येतो. कारागिरी म्हणून मला ते मान्य आहे. पण 2012 पासूनच्या काही नमुन्यांत बॅटरी आत चिकटवून टाकली. शंभर वर्षं टिकेल अशा धातूच्या डबीत चार-पाच वर्षांत थकणारा जीव कोंडायचा आणि वर त्याला टिकाऊ म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

आता माझी आवडती वस्तू. शीतपेयाचा डबा. हसू नका. वजन तेरा-चौदा ग्रॅम, भिंत एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, आणि आतल्या वायूच्या दाबामुळेच ती ताठ राहते. पूर्वी हे डबे उघडायला वेगळं अवजार लागे. मग अर्मल फ्रेझ या अमेरिकी माणसानं ओढून काढायची कडी आणली, 1963 मध्ये तिचं पेटंट मिळालं. लोक कडी ओढत आणि फेकून देत. समुद्रकिनाऱ्यावर पाय कापायला लागले. 1975 च्या सुमारास रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनियल कडझिक यांनी अशी पट्टी आणली जी उघडल्यावर डब्यालाच चिकटून राहते. झाकणाचा तुकडा आत वळतो, बाहेर पडत नाही. एवढासा बदल. पण बघा, या माणसानं डबा उघडण्याचा क्षणच नाही, तर डबा रिकामा झाल्यानंतरचा क्षणही रचनेत धरला. सगळा धातू एकत्र राहतो, भंगारवाल्याकडे एकत्र जातो. धारावीत ॲल्युमिनियम वितळवण्याच्या ज्या छोट्या भट्ट्या आहेत त्यांचा व्यवसाय अशाच वेगळ्या, ओळखू येणाऱ्या धातूवर चालतो. डबा एकदाच वापरला जातो, म्हणजे पहिल्या प्रश्नात नापास. पण दुसऱ्यात पहिला.

‘ॲल्युमिनियम कितीही वेळा परत वापरता येतं’ ही जाहिरात मात्र डब्याच्या जिवावर सगळेच करतात. त्यात फसगत आहे. दुधाच्या किंवा रसाच्या खोक्यात कागद, पॉलिथिन आणि केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ ॲल्युमिनियमचा थर असे एकमेकांना चिकटलेले असतात. त्या थरामुळे दूध फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकतं, आणि वीज जाणाऱ्या गावात ही लहान गोष्ट नाही. पण तो थर पुन्हा सुटा करणं जिकिरीचं, खर्चाचं. धातू आहे, पण कुणाच्या हाती लागत नाही.

आणि माझ्या वयाच्या माणसाच्या घरात सगळ्यात जास्त येतं ते हेच, गोळ्यांची पाकिटं. एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची पन्नी. रोज सकाळी अंगठ्यानं ती फोडायची आणि पाकीट कचऱ्यात. रद्दीवाल्याला द्यायला गेलात तर तो तुमच्याकडे बघत राहील. कोकणातल्या पावसाळ्यात गोळी कोरडी ठेवायचं काम ती पन्नी चोख करते, म्हणून ती सरसकट काढून टाका असं मी म्हणणार नाही. सगळं पाकीट एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं करायचे प्रयत्न चालले आहेत. ओलाव्यापासून ते तितकंच जपतं का, हे प्रत्येक औषधाला वेगळं तपासावं लागेल. कडझिकनी पट्टीला जो प्रश्न विचारला तोच इथे विचारायचा आहे, गोळी पोटात गेल्यावर पाकिटाचं काय? लिंबू पिळणाऱ्या कोळ्याला जेवढी पारितोषिकं आणि लेख मिळाले, त्याच्या दशांश लक्ष या पाकिटाकडे गेलं असतं तर मला आवडलं असतं.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.