साडेचार गुणिले शंभर

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की लोकांना द्रव नायट्रोजनचे धूर आणि विक्रमी आकडे आठवतात. मला आठवतो २४ ऑगस्ट १९९८ रोजी बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए. घरच्या संगणकाचा वेग वाढवण्यात किती देखणेपण असू शकतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुठल्या प्रोसेसरने दाखवलेलं नाही.

बसचा, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा, वेग गुणिले मल्टिप्लायर, एवढंच त्याचं गणित. मल्टिप्लायर साडेचारवर कायमचा बांधलेला, बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. वेग वाढवायचा तर बसच वाढवावी लागे, आणि तिला हात लावला की सगळ्या यंत्रालाच धक्का बसे. पीसीआय कार्डं आणि हार्ड डिस्क ६६च्या निम्म्यावर, म्हणजे ३३वर चालत. बस ८३वर नेली की तिथे साडेएक्केचाळीस होत आणि डिस्कवरच्या फायली बिघडायची भीती. पण ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर थेट १००वर गेलं, की पीसीआयसाठी तीनने भाग जाई आणि पुन्हा ३३च हाती येत. ग्राफिक्सच्या एजीपीला दोन तृतीयांश, म्हणजे पुन्हा ६६. प्रोसेसर मात्र ४५०! गवयाने आडलयीत, दीडपटीत शिरावं आणि तबल्याचा ठेका मूळ लयीतून तसूभरही हलू नये, तसं हे. इतर कुणावरही ताण न टाकता मिळालेली ही दीडपट मला आजही थक्क करते.

देखणेपणाची दुसरी जागा कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या वेगवान स्मृतीची. आधीच्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅशच नव्हती, आणि त्याची हेटाळणी झाली ती योग्यच होती. ३००एमध्ये १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर, त्याच्याच पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची. म्हणजे ४५०चा पेंटियम टू कॅशला २२५ देई, तर चढवलेला सेलेरॉन ४५०. ३००एच्याच दिवशी बाजारात आलेल्या त्या पेंटियमची किंमत ६६९ डॉलर, सेलेरॉनची १४९. आणि खेळांमध्ये दोघे जवळजवळ बरोबरीत. दोघेही पाव मायक्रॉनच्या एकाच तंत्राने घडलेले. ३०० हा आकडा सिलिकॉनची मर्यादा नव्हता, दरपत्रकातली जागा होती.

सगळेच नग ४५०ला टिकत नसत. काहींना २ व्होल्टऐवजी २.२ द्यावे लागत, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, तेव्हा पंखा चांगला हवाच. अबिटच्या बीएच६ बोर्डावर जम्पर न हलवता बायॉसमधूनच बस बदलता येई. काही बोर्डांवर बसचा वेग प्रोसेसरच ठरवे. तिथे लोक त्याच्या बी२१ या एका संपर्कावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत, आणि ६६चे १०० होत!

माळ्यावर जुना स्लॉट-वनचा मदरबोर्ड पडून असेल, तर भंगारात देण्याआधी त्यावरच्या प्रोसेसरचं नाव वाचा. ३००ए असेल तर देऊ नका.