अंतर्गृह स्थाननिश्चिती : अनुमान की आप्तवाक्य?

उपग्रहांच्या साहाय्याने होणारी स्थाननिश्चिती इमारतीच्या उंबरठ्याशी अडते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे जीपीएसचे संकेत भूपृष्ठावर पोचतात तेव्हाच अत्यंत क्षीण असतात; काँक्रीटच्या इमारतीत शिरताना त्यांची शक्ती पुष्कळदा शतांश, किंबहुना सहस्रांश उरते. हे संकेत आत आणणे, अथवा त्यांच्यासारखे संकेत आतच निर्माण करणे, यास उपग्रहीय मार्गदर्शनाचा ‘विस्तार’ असे म्हटले जाते. परंतु हा विस्तार मूळ तत्त्वाचा होतो की केवळ त्याच्या बाह्य रूपाचा, हे प्रथम तपासले पाहिजे.

मूळ तत्त्व मापनाचे आहे. ग्राहक यंत्र किमान चार उपग्रहांच्या संकेतांना लागलेल्या प्रवासकाळावरून अंतरे काढते आणि त्यांवरून स्थानाची तीन परिमाणे व स्वतःच्या घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते सोडवते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हे अनुमान होय.

विस्ताराचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे छपरावरील अँटेनाने घेतलेले संकेत तारेने आत आणून पुनःप्रक्षेपित करणे. येथे तारेतील व खोलीतील विलंब सर्व उपग्रहांच्या संकेतांना सारखाच लागतो. त्यामुळे तो घड्याळाच्या चुकीत मिसळून जातो आणि तळघरातील यंत्रालाही छपरावरील अँटेनाचेच स्थान मिळते. संकेत आत येतो. स्थान मात्र बाहेरच राहते.

‘स्यूडोलाइट’ या नावाने ओळखले जाणारे भूस्थित प्रक्षेपक तत्त्वाशी अधिक प्रामाणिक आहेत. १९७० नंतरच्या दशकात जीपीएसची प्राथमिक परीक्षा ॲरिझोनातील युमा येथे अशाच प्रक्षेपकांनी झाली. तथापि इमारतीत जवळचा प्रक्षेपक दूरच्या प्रक्षेपकाला झाकून टाकतो, भिंतींवरील परावर्तने मापन बिघडवतात, आणि घड्याळांत १० नॅनोसेकंदांचा फरक पडला तरी अंतरात ३ मीटरांची, म्हणजे जवळजवळ एका मजल्याची, चूक होते.

जपानच्या अवकाश संशोधन संस्थेने, जाक्साने, पुरस्कारलेल्या ‘आयमेस’ पद्धतीने या अडचणींतून वेगळी वाट काढली. तिचा प्रक्षेपक जीपीएससदृश संकेतातून आपलेच अक्षांश, रेखांश व मजला कळवतो. संकेताचा पल्ला थोड्या मीटरांचा असल्याने तो ऐकणारे यंत्र तेथेच आहे असे मानले जाते. अंतर मोजावे लागत नाही, घड्याळे जुळवावी लागत नाहीत, आणि मजल्याविषयी संदिग्धता उरत नाही. योजना चतुर आहे, यात शंका नाही. परंतु येथे अनुमानाची जागा आप्तवाक्याने घेतली आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, उपग्रहही आपली कक्षा स्वतःच सांगतो. तेव्हा शब्दप्रमाण तेथेही आहेच. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. उपग्रहाच्या सांगण्यावर पृथ्वीवरील निरीक्षण केंद्रांची सतत देखरेख असते. शिवाय पाचवा उपग्रह दिसताच ग्राहक यंत्र मापनांतील विसंगती ओळखू शकते. आयमेसचा एकच प्रक्षेपक ऐकू येत असेल तर त्याला खोटे पाडणारा दुसरा साक्षीदार नाही. दुरुस्तीच्या वेळी तो तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर नेला आणि त्यातील नोंद तशीच राहिली, तर ग्राहक यंत्र पूर्ण निश्चयाने चुकीचा मजला सांगेल.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१९ मध्ये इमारतींतून येणाऱ्या आपत्कालीन दूरध्वनींसाठी उंचीचा निकष ठरवला : ८० टक्के दूरध्वनींच्या बाबतीत चूक ३ मीटरांच्या आत असावी. तरीही मीटरांत मिळालेली उंची म्हणजे मजला नव्हे. तिचा अर्थ लावण्यास इमारतीची रचना ठाऊक असावी लागते. अग्निशामक जवानाला मजलाच हवा असतो आणि आयमेस तोच देते. म्हणून ती त्याज्य ठरत नाही. उलट, जिथे तिची उपयुक्तता सर्वाधिक, तिथेच तिची चूक सर्वांत घातक ठरते.

तात्पर्य, विस्तार झाला तो संकेताच्या भाषेचा, मापनाचा नव्हे. मोजलेले स्थान आणि सांगितलेले स्थान पडद्यावर एकाच ठिपक्याने दाखवणे हा या कल्पनेतील खरा दोष होय. स्थानाबरोबर त्याचे प्रमाणही नमूद व्हावे, आणि प्रक्षेपकाची नोंद केव्हा पडताळली हेही कळावे. एवढे झाले तरच आप्तवाक्यावर विसंबणे योग्य ठरेल.