‘मैदान’ आणि मैदानाबाहेरचा माणूस

अमित शर्मा यांनी दिग्दर्शिलेला ‘मैदान’ हा हिंदी बोलपट २०२४ साली प्रदर्शित झाला, तेव्हा हैदराबादकर या नात्याने आम्ही तो मोठ्या अगत्याने पाहिला होता. फुटबॉलचा नवा हंगाम जवळ येऊ लागला म्हणून परवा तो पुन्हा पाहिला, आणि पहिल्या खेपेस जी उणीव नुसती जाणवली होती ती या खेपेस नीट ध्यानात आली.

बोलपटाचे नायक सय्यद अब्दुल रहीम. हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक, वृत्तीनेही शिक्षकच. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. कथेचा आरंभ त्या नामुष्कीपासून होतो. मग १९५६ चे मेलबर्न, जेथे मूळ गोमंतकीय असलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले आणि भारत चौथा आला. आणि अखेर १९६२ चे जाकार्ता : दक्षिण कोरियावर दोन विरुद्ध एक असा विजय, सुवर्णपदक. पुढच्याच वर्षी जून महिन्यात रहीम कर्करोगाने निवर्तले. अजय देवगण यांनी ही भूमिका आवाज न चढविता केली आहे, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. अंतिम सामन्याचे चित्रण तर असे की, निकाल साठ वर्षांपूर्वी लागलेला असूनही छाती धडधडल्यावाचून राहत नाही. गजराज राव यांच्या वाट्यास आलेला वृत्तपत्रकार मात्र पहिल्या प्रवेशापासून अखेरपर्यंत दुष्टच आहे. वकिली करणाऱ्या माणसास इतकी एकसुरी साक्ष ऐकली की साक्षीदार पढविलेला असावा असा संशय येतो; असो.

आमची तक्रार निराळी आहे. तीन तासांच्या या बोलपटात प्रशिक्षक आहे, खेळाडू आहेत, समितीच्या खोल्यांतील कारस्थाने आहेत. परंतु ज्याच्या आशेवर हा सारा डोलारा उभा राहतो तो प्रेक्षक नाही. गर्दी दिसते ती मुख्यत्वे जाकार्ताची, आणि ती भारताच्या विरुद्ध ओरडणारी. हैदराबादच्या गल्लीतला जो माणूस हंगामाच्या पहिल्या सामन्याची तारीख तोंडपाठ ठेवतो, त्याला दिग्दर्शकाने घरीच बसविले आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद नगर पोलीस संघाने मुंबईत जाऊन रोव्हर्स करंडक जिंकला आणि त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते, हा केवढा विषय! पण कथेची सारी धाव राष्ट्रीय संघाकडे असल्यामुळे तो बाजूस पडला.

आणि तरीही, कदाचित दिग्दर्शकाच्या नकळत, यात एक सत्य उमटले आहे. हैदराबादने आपले मोठे विजय सहसा परक्या अंगणात मिळविले आणि शहराने ते दुरून ऐकले. करंडक मुंबईत, सुवर्णपदक जाकार्तास. आणि आमच्या पिढीचा विजय गोव्यात.

तो गोमंतकीय वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असेल. २०२० ते २०२२ हे दोन हंगाम करोनाच्या साथीमुळे सर्वच संघ गोव्यात, बहुतांशी रिकाम्या क्रीडांगणांत खेळले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यास अंतिम सामना झाला तेव्हा दरवाजे उघडले होते, परंतु आत लोटला तो केरळचा जनसागर. सामना संपता संपता साहिल तावोरा याने एक-एक अशी बरोबरी साधली आणि पेनल्टीच्या वेळी लक्ष्मीकांत कट्टीमणी याने तीन फटके अडविले. हे दोघेही गोव्याचे! हैदराबादला विजेतेपद दिले ते गोमंतकीयांनी, गोव्यात, केरळीयांच्या समक्ष. आणि आम्ही हैदराबादकर घरातल्या पडद्यासमोर टाळ्या पिटीत होतो.

आमच्या कचेरीतील एक कारकून या संघाचा निस्सीम भक्त. २०१९ साली संघ निघाला तेव्हा त्याने पिवळा सदरा घेतला. पहिला सामना कोलकात्यास होता; आठवडाभर त्याच्या दाव्यांच्या फायलींत चुका होत होत्या. पाच-शून्य असा पराभव झाला. दुसऱ्या दिवशी तो हसतमुखाने म्हणाला, “साहेब, गच्चीबावलीचा सामना अजून व्हायचा आहे.” तो सामना, केरळविरुद्धचा, दोन विरुद्ध एक असा जिंकला गेला, हंगामाच्या शेवटी संघ तळाला राहिला, तरी त्याच्या बोलण्यात तो एकच सामना असे.

एक गोष्ट मात्र त्या वेळी आम्हां दोघांच्याही मनात आली नाही. पुण्याचा संघ मोडला आणि त्याच्या मोकळ्या जागी हैदराबादचा उभा राहिला. म्हणजे गच्चीबावलीत आम्ही आनंदाने ओरडत असता पुण्यात कोणाच्या तरी सदऱ्याची घडी पेटीत जात होती. त्या पुणेकराची आठवण आम्हांस २०२५ साली झाली, जेव्हा आमचाही संघ दिल्लीस नेण्यात आला आणि त्याचे नावही पालटले.

कारकुनाने आम्हांस कायदा विचारला. कायदा स्पष्ट आहे : तिकीट म्हणजे एका दिवसापुरती आत बसण्याची अनुज्ञा, त्यापलीकडे प्रेक्षकाचा हक्क नाही. १९२५ साली एका कुलदैवताच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले होते की, मूर्ती ही सेवेकऱ्याने वाटेल तेथे हलवावी अशी जंगम वस्तू नव्हे. तिच्या स्थानाविषयी तिची इच्छा विचारात घ्यावी आणि ती मांडण्यास त्रयस्थ प्रतिनिधी नेमावा. देवाची आणि खेळाच्या संघाची बरोबरी करण्याचे औद्धत्य आम्ही करणार नाही. पण शहराच्या वतीने बोलणारा एखादा त्रयस्थ येथेही असावा असे त्या दिवशी आम्हांस फार वाटले.

‘मैदान’ जाकार्ताच्या पदकापाशी थांबतो, कारण आशेचे फळ म्हणजे विजय असे तो मानतो. पाच-शून्याने हरून हसणाऱ्या माणसाची आशा त्याला कळलेली नाही. त्या माणसास पदक नको असते; पुढचा सामना आणि तो पाहावयास आपल्या गावचे एक मैदान, एवढेच हवे असते.

नव्या हंगामाच्या वार्ता सुरू झाल्या आहेत. कारकुनाने पिवळा सदरा धुऊन ठेविला आहे आणि पहिला सामना केव्हा, असे तो आम्हांस दर दोन दिवसांनी विचारतो. कोणाचा पहिला सामना, हे तो सांगत नाही, आणि आम्हीही विचारीत नाही.